धाब्याचं घर आर्किटेक्टच्या हाती देण्यापूर्वी

असोदा हे जळगाव शहराच्या कुशीतलं गाव. बाहेरच्यांना ते दोन गोष्टींसाठी ठाऊक असतं: बहिणाबाई चौधरींचं माहेर म्हणून, आणि भरताच्या वांग्यांसाठी. खान्देशातल्या अशा गावांच्या जुन्या गल्ल्यांमध्ये हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, सागाचे खांब आणि वर धाबं असलेली शेतकऱ्यांची घरं अजून उभी आहेत. बहुतेकांचे मालक पुण्यात, नाशकात किंवा सुरतेला. घराचं कुलूप आखाजीला (अक्षय तृतीयेला) उघडतं, श्रावणात कानबाईच्या उत्सवाला उघडतं, आणि मग ओट्यावर बसून तोच विषय निघतो: याचं आता करायचं काय?

वाचकांचे प्रश्नही त्याच वळणाचे असतात. घर पाडून स्लॅब टाकावा की जुनंच दुरुस्त करावं? आर्किटेक्ट खरंच लागतो की गावातला गवंडी पुरे? मळ्यातलं घर असेल तर जमीन एनए (बिगरशेती) करावी लागते का? बहिणींच्या सह्या लागतात का? या सगळ्यांचं एकत्र उत्तर असं, की आराखडा हा या कामातला चौथा टप्पा आहे; त्याआधी घराची पाहणी, एक पावसाळा आणि कागदपत्रं. लोक त्याला पहिला धरतात, संगणकावरचं रंगीत चित्र पाहून हरखतात, आणि निम्मं काम झाल्यावर कळतं की भिंत आतून पोकळ होती किंवा घर कागदोपत्री काकांच्याच नावावर होतं.

आधी घर कशावर उभं आहे ते ओळखा

खान्देशी धाब्याच्या घरात छताचा भार बहुधा भिंतीवर नसतो. दगडी तळखड्यावर सागाचा खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काड्यांचा थर, त्यावर लिंबाचा पाला, चिखल आणि सगळ्यात वर खारी माती. भिंत ही ऊन, चोर आणि जनावरं बाहेर ठेवण्यासाठी. सगळीच घरं अशी नसतात. काहींत बाहेरच्या बाजूच्या कड्या थेट भिंतीत घुसवलेल्या असतात. म्हणून पहिला प्रश्न हाच: वजन खांबावर आहे की भिंतीवर? याचं उत्तर मिळेपर्यंत एकही खांब, एकही भिंत हलवायची नाही.

हा फरक किती मोठा आहे ते 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दिसलं. तिथली घरंही मातीच्या जड छताची, पण भिंती मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या. त्या भिंती फुटून कोसळल्या आणि माणसं गाडली गेली. जिथे छत लाकडी सांगाड्यावर पेललेलं होतं, तिथे काही घरांच्या भिंती ढासळल्या तरी खांब-तुळयांचा सांगाडा छतासकट उभा राहिला. तुमच्या घरातले सागाचे खांब शोभेचे नाहीत, हे आर्किटेक्टला सांगावं लागू नये. लागलं, तर आर्किटेक्ट बदला.

आता छताचं वजन. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर धाब्यावर खारी टाकायची रीत. जुनी माती खरवडून न काढता नवी टाकत गेलं, की थर चढत जातो. दहा बाय दहाच्या खोलीवर एक फूट माती म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे बरोबर एक ब्रास. ती कोरडी असताना साडेचार टनांच्या घरात भरते, भिजल्यावर आणखी. गंमत अशी, की त्याच खोलीवरच्या पाच इंची स्लॅबचं वजन तीन टनांच्या आसपास येतं. ‘स्लॅब जड, म्हणून नको’ हे गावात ऐकू येणारं कारण त्यामुळे टिकत नाही. स्लॅबची अडचण वेगळी आहे. त्याला आपले कॉलम आणि आपला पाया लागतो. ते टाळून लाकडी खांब काढायचे आणि स्लॅब सरळ मातीच्या भिंतींवर टेकवायचा, असं काम करणारे ठेकेदार आहेत. त्या कामाला स्वस्त म्हणायचं की धोकादायक, हे वेगळं सांगायला नको.

पाहणीच्या वेळी या जागा हाताने तपासून घ्या:

- खांबाचा पाय. तळखड्याला टेकणारं लाकूड पटाशीच्या टोकाने टोचून पाहा. टोक अर्धा इंच सहज आत गेलं तर लाकूड कुजलेलं आहे किंवा वाळवीने पोखरलेलं आहे. वरचा भाग ठणठणीत असेल तर अख्खा खांब बदलावा लागत नाही. छताला टेकू देऊन खालचा फूट-दीड फूट कापतात आणि तिथे सागाचाच जोड बसवतात.
- कडीचं भिंतीत गेलेलं टोक. बाहेरून दिसत नाही आणि कुजायला सुरुवात तिथूनच होते. एक-दोन ठिकाणी भिंत कोरून पाहण्याचा आग्रह धरा.
- बळद. धान्यासाठी भिंतीत ठेवलेली पोकळी. बाहेरून भिंत अखंड वाटते. वायरिंगसाठी किंवा कपाटासाठी ड्रिल घातलं की माती ओघळायला लागते. ठोकून आवाज ऐका आणि नकाशावर खूण करा.
- पेव. माजघरात किंवा अंगणात जमिनीखाली धान्याचं पेव असू शकतं. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला जागा विचारा. त्यावर कॉलम किंवा पाण्याची टाकी येता कामा नये. पेव उघडलं तर लगेच आत कुणाला उतरवू नका. बंद पेवात साचलेल्या वायूने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो.

एक पावसाळा थांबा

हा सल्ला कुणालाच आवडत नाही. दिवाळीत ठरवलं आणि आखाजीला वास्तुशांती, असा हिशोब असतो. पण मातीच्या घराचा खरा वैरी पाणी आहे, आणि ते कुठून येतं हे मे महिन्यात कळत नाही.

जळगावचा पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास. कोकणाच्या मानाने काहीच नाही. म्हणूनच इथे सपाट धाबी टिकली. मग आताच भिंती का भिजायला लागल्या? बऱ्याच गावठाणांत याचं कारण दारासमोर पसरलेलं असतं. गल्लीचा रस्ता दोनदा-तीनदा काँक्रीटचा झाला, दर वेळी जुना न उखडता वर थर चढला, आणि जे जोतं एकेकाळी रस्त्यापासून दोन फूट उंच होतं ते आता रस्त्याच्या बरोबरीला आलं, कुठे खालीही गेलं. पाणी भिंतीच्या पायथ्याशी साचतं, माती ते वर ओढते आणि कमरेच्या उंचीवर पांढरट फुली धरते. त्या फुलीवर हात फिरवला की पीठ झडावं तशी माती खाली पडते. यावर गवंड्याचा ठरलेला उपाय म्हणजे सिमेंटचं प्लास्टर.

आणि नेमका तोच नुकसान करतो. मातीची भिंत आतला ओलावा पृष्ठभागातून बाहेर टाकत असते. सिमेंटचा थर ती वाट बंद करतो, ओल वर सरकते, माती आत मऊ पडते आणि दोन-चार वर्षांत प्लास्टरचा पापुद्रा मातीसकट सुटतो. मातीच्या भिंतीला मातीचं किंवा चुन्याचं लिंपण, चुन्याचाच रंग. पायथ्याला ओल असेल तर आधी बाहेरचं पाणी वळवायचं: भिंतीलगत उताराची दगडी गटार, पन्हाळ्यांचं पाणी भिंतीपासून लांब फेकणारं तोंड, आणि रस्त्याच्या पातळीबद्दल ग्रामपंचायतीला लेखी अर्ज. पुढचा थर टाकण्यापूर्वी जुना उखडावा, अशी मागणी ग्रामसभेत मांडता येते. एकट्याने मांडण्यापेक्षा गल्लीतल्या पाच घरांनी मिळून मांडली तर तिचा विचार होण्याची शक्यता जास्त.

पावसाळ्यात आणखी एक काम करा. भेगांवर काचेची पातळ पट्टी आडवी, दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवून ठेवा आणि शेजारी पेन्सिलीने तारीख लिहा. चार महिन्यांनी काच शाबूत असेल तर भेग जुनी, थांबलेली. तडकली असेल तर घर अजून हलतं आहे आणि आर्किटेक्टच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर हवा. खर्च शंभर रुपयेही नाही.

घर कुणाचं, जमीन कसली

गावठाणातल्या घराचा नमुना 8 चा उतारा बहुतेकांकडे असतो आणि तोच मालकीचा कागद समजला जातो. तो ग्रामपंचायतीचा करआकारणीचा उतारा आहे. कर कोण भरतं ते तो सांगतो. 2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. तुमच्या घराची पत्रिका निघाली आहे का, तिच्यावर कुणाकुणाची नावं आहेत आणि क्षेत्र जागेवरच्या मोजमापाशी जुळतं का, हे भूमी अभिलेख कार्यालयात पाहा. शेजाऱ्याशी सामाईक भिंत असेल तर ती पत्रिकेवर कशी दाखवली आहे तेही बघा. वाद तिथूनच सुरू होतात.

बहिणींच्या सह्यांचा प्रश्न. वडिलोपार्जित घरात मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. 2005 च्या हिंदू वारसा दुरुस्ती कायद्याने तो दिला, आणि 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं, की हा हक्क जन्माने आहे. 2005 मध्ये वडील हयात असण्याची अट नाही. ‘आमच्यात तोंडी वाटणी झालेली आहे’ हे म्हणणं पुराव्याच्या कागदांशिवाय टिकणं कठीण. बहीण स्वखुशीने हिस्सा सोडणार असेल तर हक्कसोड पत्र नोंदणीकृतच हवं; नुसत्या स्टँपवर घेतलेली सही उपयोगाची नाही. आणि हिस्सा ठेवूनही ती दुरुस्तीला संमती देऊ शकते, हे फार कमी घरांत बोललं जातं. कोण किती खर्च करणार आणि पुढे वाटणी झालीच तर त्या खर्चाची भरपाई कशी होणार, एवढं लिहून घेतलं तर बहुतेक बहिणींची ना नसते. कानबाईला सगळी भावकी जमते. हा कागद तेव्हाच करून घ्या.

घर गावठाणात असेल तर बांधकामाच्या परवानगीची सुरुवात ग्रामपंचायतीपासून होते (ग्रामपंचायत अधिनियम, 1958, कलम 52). निव्वळ डागडुजी आणि भिंती-छताची रचना बदलणारं काम यांत फरक आहे. कुठलं काम कशात मोडतं, हे ग्रामपंचायतीकडून लेखी घ्या.

मळ्यातल्या घराचं गणित निराळं. शेतजमिनीवर शेतीसाठी लागणारं घर, गोठा, चाराघर, सालदाराची खोली यांना जमीन महसूल संहितेच्या कलम 41 खाली जागा आहे. एनए केल्याशिवाय शेतघर होऊच शकत नाही, हा समज चुकीचा. मात्र महापालिकांच्या हद्दीत आणि शहरांच्या परिघात त्यावर किमान क्षेत्राच्या आणि बांधकामाच्या मर्यादा आहेत. असोदा जळगावच्या इतकं जवळ आहे की तुमचा गट कुठल्या क्षेत्रात येतो हे तहसील आणि नगररचना कार्यालयात आधी विचारलेलं बरं. जुनं शेतघर जमिनीसकट विकत घ्यायचा विचार असेल, तर महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असणं आवश्यक आहे, हेही ध्यानात ठेवा. घर आवडलं म्हणून इसार देऊन बसू नका.

संरक्षित स्मारकाजवळ घर असलेल्यांसाठी एक जास्तीची अट आहे. मुक्ताईनगर तालुक्यातलं चांगदेवचं मंदिर, चाळीसगावजवळच्या पाटण्याचं महेश्वर मंदिर किंवा साक्री तालुक्यातली बळसाण्याची मंदिरं यांच्यासारख्या केंद्रीय संरक्षित वास्तूंपासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, आणि त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित. जुन्या घराच्या दुरुस्तीची परवानगी मिळू शकते, पण अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे आणि काम सुरू करण्यापूर्वी.

पाडायचं, ठेवायचं, की दोन्ही

तीन वाटा आहेत, आणि तिन्ही सन्मान्य आहेत. प्रत्येक जुनं घर वाचवलंच पाहिजे असं नाही. कड्या पोखरलेल्या, भिंती भेगाळलेल्या आणि राहणारं कुणी नाही, अशा घरासाठी कर्ज काढणं हा भावनेचा हिशोब झाला.

पहिली वाट: घर जसं आहे तसं दुरुस्त करून राहायचं. यासाठी कुणीतरी गावात असायला हवं, कारण सारवण, लिंपण आणि धाब्याची देखभाल दरवर्षीची आहे. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला गांधीजींची बापू कुटी पाहून आलेले अनेकजण ‘मातीचं घर इतकी वर्षं टिकतं’ म्हणून हुरळतात. मूळ मीराबेनने उभी केलेली ती कुटी 1930 च्या दशकातली आहे, हे खरं. पण ती टिकली ती तिच्यावर सतत हात फिरत राहिला म्हणून. कुलूपबंद घराला हा हात मिळत नाही.

दुसरी वाट सगळ्यात जास्त घरांना लागू पडते: जुन्या घरात झोपायचं-बसायचं, आणि पाण्याची सगळी कामं नव्या जोडघरात. न्हाणी, संडास, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी हे सगळं मागच्या परसात, गोठ्याच्या किंवा चाराघराच्या जागी, स्वतःच्या पायावर, जुन्या भिंतीपासून थोडं अंतर ठेवून बांधायचं. दोघांना जोडणारी पडवी हलकी ठेवायची. माजघराच्या कोपऱ्यात अटॅच्ड बाथरूम काढून देणारा आर्किटेक्ट भेटला तर त्याला एकच प्रश्न विचारा: नळाचा जॉइंट गळला तर पाणी कुठे जाईल?

छताचं काय, हा दुसऱ्या वाटेवरचा कळीचा प्रश्न. माती उतरवून, कड्या तपासून, खराब तेवढ्या बदलून, वर जलरोधक थर आणि पातळ माती किंवा विटांचा थर असं करता येतं; वजन निम्म्याहून कमी होतं. काही ठिकाणी धाब्यावरूनच चार फुटांवर पत्र्याचं छप्पर उभं करतात. दिसायला ते साजरं नसतं, पण ऊन आणि पाऊस दोन्ही वरच्या वर अडतात. पत्र्याचे खांब मात्र जुन्या कड्यांवर टेकवू नका. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा जाड भिंती आणि मातीचं छत काय देतात, हे स्लॅबखाली एक दुपार काढून आलेल्याला समजावावं लागत नाही.

तिसरी वाट म्हणजे घराचा उपयोगच बदलायचा. याचं सगळ्यांना पाहता येण्यासारखं उदाहरण जवळच आहे. जुन्या जळगावातला चौधरी वाडा म्हणजे बहिणाबाईंचं सासर. असोद्याच्या महाजनांची ही लेक तेराव्या वर्षी लग्न होऊन तिथे आली आणि 3 डिसेंबर 1951 ला निधन होईपर्यंत जळगावचीच झाली. त्या वाड्यात आता भवरलाल अँड कांताबाई जैन फाउंडेशनच्या पुढाकाराने संग्रहालय आहे. तिच्या रोजच्या वापरातली भांडीकुंडी, शेतीची अवजारं तिथे ठेवलेली आहेत. आपल्या घराबद्दल निर्णय घेण्याआधी एकदा तिथे जाऊन या, आणि कवितेइतकंच घराकडेही बघा. शेतकऱ्याचं घर जपायला राजवाडा असावं लागत नाही, आणि जपण्यासाठी संस्थेचं पाठबळ लागतं, या दोन्ही गोष्टी तिथे एकदम लक्षात येतात.

आर्किटेक्ट निवडताना

भारतात ‘आर्किटेक्ट’ ही पदवी 1972 च्या वास्तुविशारद कायद्याखाली नोंदणी झालेल्यांनाच लावता येते. नोंदणी क्रमांक ‘सीए’ या अक्षरांनी सुरू होतो आणि कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या संकेतस्थळावर तो पडताळता येतो. सिव्हिल इंजिनिअर, इंटिरिअर डिझायनर हे वेगळे व्यवसाय. ते वाईट नाहीत, पण कुणाला काय म्हणून पैसे देत आहात हे ठाऊक असावं.

नोंदणी असली म्हणजे मातीचं काम येतंच असं नाही. त्यासाठी पहिल्याच भेटीत एवढं विचारा:

- पाच वर्षांपूर्वी दुरुस्त केलेलं एखादं जुनं घर दाखवाल का? नव्याकोऱ्या कामाचे फोटो नकोत, पाच पावसाळे खाल्लेलं घर हवं. मालकाशी एकट्याने बोला.
- चुन्याचं काम कोण करणार? चुना भिजवायला, मुरवायला, वाळायला वेळ लागतो. ‘आठ दिवसांत होईल’ म्हणणाऱ्याने ते केलेलं नसतं.
- स्ट्रक्चरल इंजिनिअर कोण, आणि त्याची फी वेगळी की आतच?
- गावातला सुतार आणि गवंडी घेणार की शहरातून टोळी आणणार? तळखडा, खांबावरचा हस्त, तुळई यांची सांधेजोड कळणारा म्हातारा सुतार अजून कुठल्या ना कुठल्या गावात सापडतो. त्याला मजुरी देऊन पाहणीच्या दिवशीच सोबत घ्या.

हा शेवटचा मुद्दा हौसेचा नाही. 1984 मध्ये स्थापन झालेल्या इन्टॅक या वारसासंस्थेने 2004 च्या आपल्या सनदेत स्थानिक कारागिरांच्या ज्ञानाला जतनाच्या कामात मानाचं स्थान दिलं. खान्देशाला तर याचा जुना दाखला आहे. डिसेंबर 1936 मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, तेव्हा नंदलाल बोस यांच्यासारख्या कलावंताने बांबू आणि गावात मिळणाऱ्या साध्या साहित्यातूनच सजावट उभी केली होती.

करारात हे लिहून घ्या

फी ठरवायच्या पद्धती दोन: खर्चाच्या टक्क्यात किंवा ठोक. नव्या बांधकामाला टक्केवारी चालते. दुरुस्तीत ठोक किंवा टप्प्यांची फी बरी, कारण जिथे जुनी तुळई ठेवून पैसे वाचतात तिथे आर्किटेक्टची फीही कमी होऊ नये. फीवर जीएसटी येतो का ते आधीच विचारा.

टप्पे असे असू द्या: घराचा मोजून काढलेला नकाशा, भिंत-खांबनिहाय स्थितीचा फोटोंसह अहवाल, आराखडा, परवानगीचे नकाशे, कामनिहाय परिमाणं आणि दर, देखरेख. पहिले दोन टप्पे वेगळ्या छोट्या करारातही करता येतात. ते आवडले नाहीत तर नकाशा आणि अहवाल घेऊन दुसऱ्याकडे जा. मूळ रेखाटनांचा कॉपीराइट आर्किटेक्टकडे राहतो, पण तुमच्या घरासाठी पैसे मोजून घेतलेला संच तुमच्या ताब्यात हवा.

देखरेखीच्या भेटी किती आणि कुठल्या वेळी, हे लिहा. ‘वेळोवेळी’ हा शब्द खोडा. टेकू लावताना, खांब कापताना आणि माती उतरवताना आर्किटेक्ट किंवा इंजिनिअर जागेवर पाहिजे. ठेकेदाराच्या बिलातून पाच टक्के रोखून ठेवा आणि ते पैसे पूर्ण एक पावसाळा गेल्यावर द्या, दिवाळीच्या सुमारास. अंदाजपत्रकाच्या किमान पाचवा हिस्सा न दिसलेल्या कामासाठी बाजूला काढा. भिंत उघडल्यावर काहीतरी निघतंच.

फसण्याच्या जागा

सगळ्यात जुनी युक्ती सागाची. ‘फुकटात पाडून देतो, लाकूड आमचं’ असं सांगणारा व्यापारी दारात येतो आणि मलबा हटवण्याची कटकट टळते म्हणून लोक हो म्हणतात. खांब, तुळया, कड्या, दरवाजाची चौकट यांची मापं घेऊन यादी करा, फोटो काढा, प्रत्येक नगावर ऑइलपेंटने आकडा टाका. मगच ठरवा काय विकायचं. दुरुस्तीचं काम असेल तरी ही यादी करा. उतरवलेली कडी परत बसली की नाही हे त्यावरूनच कळतं.

दुसरी जागा चकाचक फरशीची. सारवलेली किंवा दगडी जमीन काढून व्हिट्रिफाइड टाइल बसवली की जमिनीतला ओलावा बाहेर पडायची जागा बंद होते आणि तो भिंतीकडे वळतो. शहाबादी किंवा साधा दगड, सांधे चुन्याचे, एवढं पुरतं. तिसरी विजेची: जुन्या लाकडावरून खिळे मारून नेलेली वायर तशीच ठेवून वर एसी लावू नका. नवं वायरिंग उघड्या पाइपातून घ्या, आरसीसीबी बसवा, अर्थिंग नव्याने करा. एसीचं ठिबकणारं पाणी मातीच्या भिंतीवर सोडणं हे तर गावोगाव दिसतं.

पाहुण्यांसाठी उघडायचं असेल तर

राज्याने 2020 मध्ये कृषी पर्यटन धोरण आणलं. शेतकऱ्याला आपल्या शेतावर पर्यटन केंद्र चालवण्यासाठी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. हे आराखड्याआधी ठरवा, कारण संडास-न्हाणींची संख्या, सांडपाणी, आगीपासून सुरक्षितता, सगळंच बदलतं. शेतघर म्हणून चालणारं बांधकाम हॉटेल म्हणून चालेलच असं नाही. आणखी एक परिणाम फारसा कुणी सांगत नाही: व्यापारी कारणासाठी घेतलेल्या सेवेबद्दल ग्राहक आयोगात दाद मागताना अडचण येऊ शकते. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः चालवत असाल तर सवलत आहे. ते कागदावर दिसायला हवं.

वाद झाला तर

आर्किटेक्टची आणि ठेकेदाराची सेवा 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात येते. मोबदला 50 लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात होते. मुदत साधारणपणे कारण घडल्यापासून दोन वर्षं, आणि मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. घर असोद्याला आणि तुम्ही पुण्याला असाल, तर पुण्यातला आयोगही चालतो. जळगावच्या फेऱ्या वाचतात. आर्किटेक्टच्या व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार वेगळी, कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे करायची.

दोन्हीकडे विचारले जातात ते कागदच: सही झालेला करार, प्रत्येक हप्त्याची बँकेतली नोंद, आणि काम सुरू होण्याआधीचे तारखेसह फोटो. सूचना फोनवर दिली असेल तर त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर दोन ओळींत पुन्हा लिहून पाठवा. रोखीने दिलेल्या मजुरीची वही ठेवा, आणि गवंडी-सुतारांच्या सह्या दर आठवड्याच्या बाजाराला पैसे देतानाच घ्या.